पंचाहत्तर अंशांची होळी

"तात्या गुरव फणसावरून पडला," सरूकाकीनं अंगणातूनच बातमी दिली. "उजवा हात मोडला. आता शिमग्याचं काय करायचं, बाईनू?"

मी पडवीत बसून पेपर तपासत होते. गुरवाच्या हाताचा आणि शिमग्याचा काय संबंध, असं मी विचारलं. त्यावर काकीनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशी मी त्रिकोणाला बाजू किती म्हणून विचारणाऱ्या पोराकडं बघते.

मी मूळची बार्शीची, सुलभा काशीद. तळेकोंडच्या हायस्कुलात त्या वर्षीच्या जूनला अकरावी सायन्स सुरू झालं होतं आणि गणिताला कुणी टिकत नव्हतं, म्हणून मला घेतलं. वय चोवीस, विद्यार्थी सात, आणि शाळेसमोरच सरूकाकीच्या पडवीत भाड्याची खोली. बार्शीहून निघताना वडिलांनी एक वर्षाची मुदत दिली होती. वर्षात नोकरी कायम झाली तर राहा, नाही झाली तर मे महिन्यात परत ये आणि मुकाट्यानं बोहल्यावर चढ. नवरा ठरलेलाच होता. सरकीचा व्यापारी. मला बघायला आला तेव्हा सव्वा तास बोलला आणि सव्वा तास सरकीवरच बोलला. उठताना आईनं विचारलं, मुलगी पसंत आहे ना, तर म्हणाला, यंदा माल ओला येतोय. तेव्हा कोकणात माझं काय पणाला लागलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

तर शिमगा. तळेकोंडला वाड्या दोन, वरची आणि खालची. होळीला दोन्ही वाड्या जंगलातून एकेक उंच पोफळ तोडून आणत, तिला आंब्याचे टाळे, म्हणजे डहाळ्या, बांधत आणि देवळाच्या दोन अंगांना उभी करत. उभी करायच्या आधी पोफळ आडवी असताना तात्या गुरव ती आपल्या उजव्या हातानं मोजायचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. जिची होळी लांब, त्या वाडीच्या खांद्यावर पालखी पहिली. त्या पहिलेपणासाठी माणसं वर्षभर रानात झाडं हेरून ठेवायची आणि कुणी विचारलं तर पत्ता खोटा सांगायची. एकदा होळी उभी राहिली की मात्र ती देव. तिला दोरी लावायची नाही, शिडी टेकायची नाही, लोखंड तर जवळही न्यायचं नाही.

आणि आता तो मापाचा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरात, गळ्यात अडकवलेला. डावा हात आहे की, असं मी सुचवलं. देवाच्या कामाला डावा हात कसा लावायचा, असं तात्यानंच मला विचारलं. मग प्लास्टराच्या मापाची काठी तोडा म्हटलं, तर सगळे हसले. प्लास्टर जाडजूड असतं, त्यानं हात वाढतो, एवढं त्यांना कळत होतं.

शेवटी प्रत्येक वाडीनं आपापला माणूस नेमला. वरच्या वाडीचा धोंडू घाणेकर, म्हणजे सरूकाकीचा सख्खा भाऊ. हा माणूस गावातल्या प्रत्येक दारातून वाकून आत यायचा आणि तरी कपाळावर टेंगूळ असायचं. खालच्या वाडीचा पांडबा, म्हणजे सरूकाकीचा नवरा. त्याला फळीवरची लोणच्याची बरणी काढायला पाट लागायचा. दोघांनी आपापल्या रानात आपापल्या हातानं मोजलं, ढोल वाजवत होळ्या आणल्या, उभ्या केल्या, आणि मग देवळापुढं आकडे जाहीर केले. वरची वाडी तेहतीस हात. खालची वाडीही तेहतीस हात.

असं गावात कधी झालेलं नव्हतं. नुसत्या नजरेनं ठरवावं, तर एक होळी देवळाच्या उजव्या अंगाला खोलगट जागेत, दुसरी डाव्या अंगाला उंचवट्यावर, आणि मध्ये देवळाचं कौलारू छप्पर. दोन तास भांडण झालं. धोंडूमामा आणि पांडबाकाका एकमेकांशी थेट बोलतच नव्हते. होळी आली की दोघांचा अबोला सुरू व्हायचा, तो पालखी देवळात परत बसेपर्यंत. बावीस वर्षांचा शिरस्ता होता तो. मध्ये काकी. तुझ्या भावाला सांग, खोटं बोलू नको म्हणावं. तुझ्या घोवाला सांग, डोळे तपास म्हणावं. काकी ऊन लागून लाल झालेली, इकडचं तिकडं पोचवत होती.

आणि तेव्हा माझी जीभ वळवळली. जिभेला हाड नाही म्हणतात ते काही उगाच नाही. मी पुढं झाले आणि म्हणाले, दोन वेगळ्या माणसांच्या हातांनी मोजून आकडा सारखा आला म्हणजे झाडं सारखी होत नाहीत, एवढं पाचवीतल्या पोरालाही कळतं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, मला पुढं ते फार महाग पडलं. त्यापुढं मी आणखी म्हणाले, की होळीला हात न लावता, दोरी न लावता, जमिनीवर उभं राहून मी तिची उंची सांगते. तीही अंदाजानं नाही, नेमकी.

गर्दीत शाळा समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब खानविलकर खुर्ची टाकून बसले होते. त्यांचा पुतण्या बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी होता आणि माझ्या जागेवर त्यांचा डोळा होता, हे शाळेच्या घंटेलाही ठाऊक होतं. भाऊसाहेब उठले आणि फार गोड आवाजात बोलले.

"बाई, उद्या सकाळी सगळ्या गावापुढं करून दाखवा. जमलं तर तुमच्या कायम करण्याच्या पत्रावर मी इथंच सही करतो. नाही जमलं, तर गणित कुणाला येतं याचा समितीला नव्यानं विचार करावा लागेल."

घरी आले तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. काकीनं पेज वाढली, ती बाजूला सारून मी वही ओढली.

गणित तसं सोपं होतं. लांब उभं राहून होळीच्या शेंड्याकडं बघायचं, नजर जमिनीशी किती अंश वर गेली ते घ्यायचं, आणि त्या कोनाच्या टॅनला आपल्या अंतरानं गुणायचं. पंचेचाळीस अंश मिळाले तर टॅन एक, म्हणजे गुणायचीही गरज नाही. पण नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं अंगण खरंच वाकडं होतं. देवळाभोवती एका बाजूला जांभ्या दगडाचा गडगा आणि दुसऱ्या बाजूला सरळ व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरणारी दरड. पंचेचाळीस अंशांसाठी मागं सरकले असते तर व्हाळात पडले असते, साठ अंशांसाठी गडग्यापलीकडं कुणाच्या तरी गोठ्यात उभी राहिले असते. सावलीनं मोजावं, तर सावली देवळाच्या कौलांवर चढून पलीकडं गायब होत होती. होळीच्या अगदी जवळ, मान मोडेपर्यंत वर बघणं एवढाच मार्ग. आणि शाळेत दोन लाकडी गुण्ये होते, फळ्यावर आकृत्या काढायचे, मोठाले. एकाचा पंचेचाळीसचा कोन, दुसऱ्याचा तीसचा. दोन्ही शेजारी शेजारी बांधले की पंचाहत्तर. शाळेतलं कोष्टकांचं एकमेव पुस्तक उघडलं, तर सत्तरच्या पुढचं वाळवीनं खाल्लेलं. पण मला पुस्तक कशाला हवं होतं? वर्षभर रोज तास सुरू होण्याआधी मी पोरांकडून ते सूत्र ओरडून घेत होते. दोन कोनांच्या बेरजेचा टॅन कसा काढायचा, त्याचं गाणंच केलं होतं मी, पाढ्यासारखं. वर्गाला दार नव्हतं, त्यामुळं ते अर्ध्या वाडीला ऐकू जायचं. काकी तर वैतागली होती. दळताना ओव्या म्हणायला जावं तर तोंडात तुमचं ते येतं, म्हणायची.

दुसऱ्या दिवशी धुळवड. सगळं गाव राखेनं माखून देवळापुढं जमलं. गडग्यावर बायका, फणसावर पोरं, मध्ये खुर्चीत भाऊसाहेब, आणि त्यांच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला पुतण्या. तात्या गुरव प्लास्टरातला हात देवासारखा मांडीवर घेऊन देवळाच्या पायरीवर बसला होता. शिपायानं वर्गातला फळा आणून देवळाच्या भिंतीला टेकवला.

मी सुंभानं बांधलेले गुण्ये डोळ्याशी धरले. खालची कड सपाट राहावी म्हणून दोऱ्याला सुपारी बांधून ओळंबा केला होता, लोखंड नको म्हणून. वरच्या वाडीच्या होळीपुढं एक डोळा मिटून मी पुढं-मागं सरकू लागले. फणसावरून कुणीतरी म्हणालं, बाईंना होळी चढली. मी लक्ष दिलं नाही. गुण्याच्या तिरप्या कडेवर शेंडा बरोबर बसला, तशी मी थांबले आणि पायाशी नारळ ठेवायला सांगितला. होळीपासून नारळापर्यंत अंतर मोजा म्हटलं. आमची होळी आम्हीच मोजणार, असं वरच्या वाडीनं ठणकावलं आणि धोंडूमामानं गुडघ्यावर बसून मोजलं. आठ हात. मग तीच कसरत खालच्या वाडीच्या होळीपुढं. तिथं पांडबाकाका बसला. त्यानंही मोजलं. आठ हात.

माझं लक्ष तेव्हा ओळंब्यावर आणि फळ्यावर. आठ अंतर, माझ्या डोळ्यापर्यंतची उंची तीन हात, आणि टॅन पंचाहत्तर. मी खडू उचलला.

ढोल थांबला. भाऊसाहेबांनी घसा साफ केला. पुतण्यानं खिशातून पेन काढलं. आणि मला वडिलांचा चेहरा दिसायला लागला, सरकीची पोती दिसायला लागली, पोत्यांवर बसलेला तो दिसायला लागला. माझ्या डोक्यातून सूत्र असं गेलं, जसं काही कधी आलंच नव्हतं. हात मात्र चालू होता. मी फळ्यावर लिहिलं: टॅन पंचेचाळीस म्हणजे एक. टॅन तीस म्हणजे एक छेद तीनचं वर्गमूळ, शून्य पूर्णांक सत्तावन्न. दोघांची बेरीज एक पूर्णांक सत्तावन्न.

वर्षभरात हीच चूक केली म्हणून मी सातांपैकी पाच पोरांना बाकावर उभं केलं होतं. कोनांची बेरीज केली म्हणजे टॅनचीही बेरीज होते, असं समजू नका, म्हणून घसा कोरडा केला होता. आता ती सातही पोरं रांगेत उभी राहून आपापल्या पायाच्या नखांचा अभ्यास करत होती. मी गुणाकार केला, तीन मिळवले आणि मोठ्यानं वाचलं.

"साडेपंधरा हात."

 धोंडूमामानं मान वर करून होळीकडं बघितलं, मग स्वतःकडं बघितलं. तेहतीस हातांची होळी रात्रीतून अर्धी झाली होती. खालच्या वाडीतून एक म्हातारा म्हणाला की साडेपंधरा हात तर आमच्या गोठ्याचा वासा आहे. मग जो हशा पिकला, तो फणसावरून एक पोर खाली पडेपर्यंत थांबला नाही. पोराला काही लागलं नाही, तात्या गुरवानं मात्र त्याच्या हाताकडं काळजीनं बघितलं. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला, तेवढंच.

मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. मी फळ्याकडं तोंड करून उभी होते, म्हणजे कुणाला दिसू नये. कुठं चुकलं हेच कळत नव्हतं. चूक आहे एवढंच कळत होतं, आणि बार्शीची गाडी संगमेश्वराहून किती वाजता सुटते ते आठवत होतं.

तेवढ्यात गडग्यावरून आवाज आला. जात्यावरच्या ओवीच्या चालीत, अगदी सुरात.

"वर बेरीज, खाली एक,
एकातून गुणाकार फेक."

सरूकाकी. डोक्यावर पदर, कमरेवर पाण्याची कळशी, आणि चेहऱ्यावर मी रोज तिच्या ओव्या बिघडवते त्याचा सगळा राग. एकदा म्हणाली, पुन्हा म्हणाली. मग म्हणाली, "दहा महिने माझं डोकं उठवलंत बाईनू, आणि आज तुम्हीच अर्धं म्हणताय? नुसती बेरीज केलीत. खालचं कुठं गेलं?"

खालचं कुठं गेलं. आईशप्पथ, मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. मी फळा पदरानं पुसला, पदर पांढरा झाला तरी फिकीर केली नाही. वर बेरीज: एक आणि एक छेद तीनचं वर्गमूळ. खाली एक, त्यातून दोघांचा गुणाकार वजा. आता माझी सातही पोरं गाऊ लागली, त्यांच्याबरोबर पाणी भरणाऱ्या बायका, शिपाई, आणि कोण कोण. अर्ध्या गावाला ते पाठ होतं आणि एकालाही अर्थ ठाऊक नव्हता. छेद उडवले, वरखाली गुणलं, वर आलं चार अधिक दोन वेळा तीनचं वर्गमूळ, खाली आले दोन. भागलं. दोन अधिक तीनचं वर्गमूळ. मी त्याभोवती चौकट काढली. खडू मोडला.

भाऊसाहेब उभे राहिले. आधी दीड, आता पावणेचार, हे काय भाजीबाजार आहे का, असं त्यांनी विचारलं. एक आणि अर्ध्याहून थोडं जास्त मिळवलं तर पावणेचार होतंच कसं? मी सांगणार होते, की खाली एकापेक्षा लहान संख्या आली की भागाकार फुगतो. पण काकीनं मला बोलूच दिलं नाही.

"भाऊसाहेब, माझं लग्न झालं तेव्हा एक मी आणि एक ह्ये. आता रोज सकाळी नऊ भाकऱ्या थापते. मी विचारलं कधी, दोनाच्या नऊ कशा झाल्या म्हणून?"

यावर बायका एवढ्या हसल्या, की भाऊसाहेबांना खुर्ची पुन्हा जवळ करावी लागली.

मी हिशेब पुरा केला. आठ गुणिले दोन म्हणजे सोळा, त्यात माझ्या उंचीचे तीन, एकोणीस. आणि आठ वेळा तीनचं वर्गमूळ. एकोणीस अधिक आठ वेळा तीनचं वर्गमूळ, हेच उत्तर, दोन्ही होळ्यांचं.

म्हणजे किती हात ते बोला, लोक म्हणाले. साधारण बत्तीस हात आणि वर पाऊणपेक्षा थोडं जास्त. तेहतीस नाहीत, मग? नाहीत, मी म्हटलं, दोन्ही वाड्यांनी थोडी थोडी फेकली. हे मात्र सगळ्यांना पटलं, कारण समोरच्यानं फेकली याचा आनंद दोन्हीकडं सारखाच झाला. नेमकं सांगा, नेमकं सांगणार होतात तुम्ही, असं पुतण्या पहिल्यांदाच बोलला. म्हणून मी तीनचं वर्गमूळ लिहायला घेतलं. एक पूर्णांक, सात, तीन, दोन, शून्य, पाच, शून्य, आठ. पुढं? पुढंही आहेच. कुठवर? ते संपतच नाही, मी म्हटलं, फळा संपेल, खडू संपेल, ते संपणार नाही. म्हणून तर आकडा न लिहिता तीनचं वर्गमूळ असंच लिहायचं असतं.

 तात्या गुरव पायरीवरून हळूच उठला. प्लास्टरातला हात छातीशी धरून तो फळ्यापाशी आला आणि त्या आकड्यांकडं बघत राहिला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण आकडे ओळखायचा.

"देवाचं माप हाय," तो म्हणाला. "संपल कसं? मी आयुष्यभर मोजत होतो तवा प्रत्येक होळीला थोडं उरायचंच. ते बोटावर मोजून सोडून द्यायचो. ह्ये तेच उरलेलं हाय."

 दोन्ही होळ्या सारख्या, तर पालखी दोन्ही वाड्यांनी एकदमच उचलायची, असं ठरलं. पुढच्या दांड्याला धोंडूमामा आणि पांडबाकाका. उंचीतल्या फरकानं पालखी इतकी कलली, की देवी पडू नये म्हणून पांडबाकाकाच्या खांद्यावर घोंगडीच्या चार घड्या ठेवाव्या लागल्या. भाऊसाहेबांनी सगळ्या गावापुढं पत्रावर सही केली. सही करताना पेन पुतण्याचंच वापरलं.

संध्याकाळी मी पडवीत बसून वडिलांना पत्र लिहीत होते. पोट भरलं होतं, मन भरलं होतं, अक्षरसुद्धा सुंदर येत होतं. आतून पुरणपोळीचा वास येत होता. काकी दोन नारळ घेऊन आली, ते मी होळीपुढं ठेवलेले, खुणेचे.

"घेऊन आले," ती म्हणाली. "प्रसाद हाय." मग खाली बसली आणि आपला हात माझ्या वहीवर ठेवला. "बाईनू, एक सांगू? उचलायच्या आधी मी मोजलं. माझ्या हातानं. दोन्हीकडं."

मी वर बघितलं.

"गुणायचं तर दोन्हीकडं सारख्यानंच हाय ना? म्हणून म्हटलं, वर कशाला बघा, नुसतं खालचं बघावं. दादाच्या होळीचं साडेआठ हात भरलं. ह्यांच्या होळीचं पावणेआठ."

मला आधी काहीच समजलं नाही. मग एकेक करून दिसायला लागलं. गुडघ्यावर बसलेला धोंडूमामा, त्याचा बांबूसारखा लांब हात. गुडघ्यावर बसलेला पांडबाकाका, त्याला बरणीलाही पाट लागतो. आदल्याच दिवशी मी छाती काढून काय बोलले होते? दोन वेगळ्या माणसांच्या हातांनी मोजून आकडा सारखा आला म्हणजे झाडं सारखी होत नाहीत. पाचवीतल्या पोरालाही कळतं. मी वर दोन अधिक तीनचं वर्गमूळ काढलं, केसाचाही फरक नाही असं, न संपणारं, देवाचं. आणि खाली जमिनीवर, माझ्या नाकासमोर, दोन माणसांनी दोन वेगळ्या हातांनी मोजलं आणि मी ओळंबा बघत होते. वरच्या वाडीची होळी जवळजवळ तीन हातांनी मोठी होती.

मी पत्र टाकून उठले. गावाला सांगायला हवं, म्हणाले. चूक ती चूक. नोकरी गेली तर गेली.  काकीनं माझा पदर धरला, तो खडूनं अजून पांढराच होता.

"आधी अंगणात बघा," ती म्हणाली.

अंगणात तुळशीपाशी एकाच खाटेवर धोंडूमामा आणि पांडबाकाका बसले होते. मध्ये परात. धोंडूमामा सांगत होता की ती पोफळ त्यानं दोन वर्षांपूर्वीच हेरून ठेवली होती, आणि पांडबाकाका विचारत होता की कुठं रे, आणि धोंडूमामानं पत्ता खरा सांगितला. शिमग्यात. एकमेकांशी. मध्ये काकी नसताना.

"बावीस वर्षं," काकी म्हणाली. "पोळी माझ्या भावाला वेगळी, घोवाला वेगळी. निरोप इकडचा तिकडं, तिकडचा इकडं. आज पहिल्यांदा एका परातीत वाढलं मी. तुमचा टॅन खराच हाय, बाईनू, मी कुठं नाही म्हणते? जा सांगायला. पण आधी पोळी खाऊन जा."

मी पोळी खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग बाहेर अंधार पडला आणि कुणाला कुठं शोधत बसायचं, असा मी विचार केला.

तात्याचा हात पावसाळ्याआधी बरा झाला, पण गावानं तो पुन्हा मागितला नाही. बाईंच्या गुण्यांनीच मोजायचं, असा ठरावच झाला. मी एकतीस वर्षं तळेकोंडला शिकवलं. सरकीवाल्याचं लग्न दुसरीकडं झालं, तो सुखात आहे असं ऐकते. दर होळीला मी ते दोन लाकडी गुण्ये सुंभानं बांधले, डोळा मिटला, नारळ ठेवले. दर वर्षी वरच्या वाडीचं धोंडूमामानं मोजलं, खालच्या वाडीचं पांडबाकाकानं. पुढं धोंडूमामा कमरेत वाकला, पांडबाकाका आधी होता त्यापेक्षाही आखडला, पण दोघांचे आठ हात शेवटपर्यंत आठच भरले. गडग्यावरून काकी माझ्याकडं बघायची आणि मी फळ्याकडं बघायचे.

वर्गात मात्र मी कुणाला सोडलं नाही. टॅन पंचाहत्तर तीन पूर्णांक त्र्याहत्तर असं लिहिलं, तर गुण कापले. दोन अधिक तीनचं वर्गमूळ, तेवढंच उत्तर, बोटभरही इकडंतिकडं चालणार नाही. हात कुणाचा, हे मी होळीपुढं एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.